वाघ वाढले ते ठीक, पण नागभीड-ब्रह्मपुरीकडच्या लोकांनी आता जंगलात जायचं की नाही?

पुण्यातली_नागभीडकर

नमस्कार. इथे बरेच दिवस नुसती वाचत असते, आज पहिल्यांदा विचारतेय, चुकीच्या विभागात पडलं असेल तर ॲडमिननी हलवावं. माझं माहेर नागभीड तालुक्यात, लग्नानंतर पुण्यात आले. घरी फोन केला की आधी पाऊसपाणी निघायचं, आता आधी वाघ निघतो. आज बोडीच्या (शेताच्या छोट्या तळ्याच्या) पाळीवर पंजे दिसले, काल शेजाऱ्यांची कालवड नेली, परवा शाळेमागच्या रस्त्यावर मोटरसायकलवाल्याला आडवा गेला. माझी मोठी आई साठीच्या पुढची आहे, ती अजून मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला आणि मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला जाते. जाऊ नको म्हटलं की म्हणते पत्त्याचे पैसे काय वाघ आणून देणार आहे का, आणि मी पाठवते म्हटलं तर अजूनच चिडते, माझे हातपाय चालतात तोवर कोणाचं घेणार नाही म्हणे. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाहीकडे एकाच दिवशी पत्ता तोडणाऱ्या तीन बायका गेल्या, तेव्हापासून मे लागला की मला धास्ती असते.

आणि इकडे ऑफिसात लोक ताडोबाचे फोटो दाखवतात, वाघीण आणि चार बछडी, किती लकी वगैरे. मी कौतुक करते, काय बोलणार.

तर विचारायचं असं की आपल्याकडे वाघ एवढे जास्त झालेत तर ते उचलून दुसरीकडे का नेत नाहीत? सह्याद्रीत नेले ना मध्ये, मग ब्रह्मपुरीतले सगळे जास्तीचे तिकडे सोडले तर तिकडचं जंगल पण भरेल आणि आमच्या लोकांचा जीव पण वाचेल, इतकं सोपं असेल असं वाटत नाही पण अडतं कुठे ते कळत नाही. दुसरं म्हणजे भाऊ शेताला झटका मशीन (कुंपणाच्या तारेत विजेचा झटका देणारं) लावायचं म्हणतोय, त्याचा वाघासाठी उपयोग होतो का की फक्त डुकरासाठी?

सफारीवेडा_ठाणे

ताई तुमची काळजी समजते पण एक स्पष्ट बोलू का, जंगल वाघाचं घर आहे, आपण त्याच्या घरात जातो आणि मग तो आला म्हणून ओरडतो. मी दरवर्षी ताडोबाला जातो, गाईड सगळे सांगतात की वाघ माणसाला टाळतो. लोकांनी जंगलात जाणं बंद केलं, पर्यायी रोजगार घेतला, तर प्रश्नच मिटेल. होमस्टे काढा, गाईड व्हा, जिप्सी घ्या, ताडोबाच्या मोहर्ली गेटला बघा किती लोकांचं चांगलं चाललंय. सरकारने तेंदूपत्ता सरळ बंद करायला हवा असं माझं मत. राग मानू नये.

धानवाला_सिंदेवाही

राग कशाला मानू, तुमी दोन दिवस येता न जाता. पण भाऊ, आमचं गाव ना ताडोब्याच्या कोअरमध्ये (आतलं राखीव जंगल), ना बफरमध्ये (त्याच्या भोवतीचा पट्टा). आमच्याकडं गेट नाही, रिसॉर्ट नाही, जिप्सी कोणाला दाखवायची? ब्रह्मपुरी वनविभाग म्हणजे साधं प्रादेशिक जंगल, मधी मधी धानाच्या बांध्या (धानाचे तुकडे), मामा तलाव (जुने मालगुजारी तलाव), झुडपी, गाव, परत जंगल. वाघ मात्र इथं भरपूर. ताडोब्यात वाघ दिसला तं तिकिट फाटते, तिथला पैसा तिथल्या गावायले भेटते, चांगलंच आहे. आमच्याकडं दिसला तं फक्त गाय फाटते. तुमी म्हणता वाघाचं घर, मान्य, पण त्याच्या घरात आमच्या आज्याची बांधी हाये न, सातबारा हाये तिचा.

आणि तेंदूपत्ता बंद करा म्हणणारे खूप भेटतात. मे महिन्यात धानाचं काम नसते, रोजगार हमीचं काम निघालं तं निघालं, पैसे कधी येतील भरोसा नाही. सत्तर पानांचा एक पुडा, असे शंभर-दोनशे पुडे घरातले सगळे मिळून बांधते, फळीवर (ठेकेदार पत्ता घेते त्या जागी) मोजून देते, पंधरा दिवसांत जे हातात येते त्यात बी-बियाणं न खत निघते, पोरीची शाळेची फी निघते. ते बंद करून काय द्याल ते आधी सांगा, मग बंद करा.

नागभीडच्या ताई, झटका मशीनचं मी खाली सविस्तर लिहितो, आता रोवणीचा माणूस बोलवायला जायचं हाये.

ट्रॅपकॅमेरा

मी विदर्भात वन्यजीव सर्वेक्षणात काम केलंय, ताडोबाच्या बाहेरच्या जंगलात पण फिरलोय, त्यामुळे थोडं लांब लिहितो, ज्यांना कंटाळा येईल त्यांनी खाली सरकावं.

आधी आकडे, कारण त्यावरून सगळेच भांडतात. महाराष्ट्रात २००६ च्या गणनेत १०३ वाघ होते, २०१४ ला १९०, २०१८ ला ३१२ आणि २०२२ ला ४४४. देशात याच काळात १४११ वरून ३६८२. ही वाढ खोटी नाही, कॅमेऱ्यात पट्टे जुळवून मोजलेली आहे (पट्टे प्रत्येकाचे वेगळे असतात). आणि २००५ च्या आसपास सरिस्कात एकही वाघ उरला नव्हता, २००९ ला पन्नात तेच झालं, ते आठवलं तर आपण कुठून आलो ते कळेल. पण वाढ सगळीकडे सारखी झाली नाही. महाराष्ट्रात ती मुख्यतः चंद्रपूर जिल्ह्यात झाली. ताडोबाचा कोअर ६२५ चौ. किमी, बफर धरून साधारण १७२७. वाघाचं पिल्लू दोन वर्षांचं झालं की आई हाकलते, नराला तर बाप ठेवतच नाही, मग ते बाहेर पडतं आणि बाहेर म्हणजे ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीड, सावली, मूल. तिथे रानडुक्कर आहे, चितळ आहे, मोकाट गुरं आहेत, मामा तलावांमुळे उन्हाळ्यात पाणी आहे. वाघाला राष्ट्रीय उद्यानाची पाटी लागत नाही, त्याला लपायला आडोसा, खायला जनावर आणि पाणी लागतं, तिन्ही तुमच्या गावाभोवती आहे. सात फुटी तूर उभी असली की तीही त्याला जंगलच.

आता उचलून नेण्याचं. करतात. मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी नवेगाव-नागझिऱ्यात सोडल्या, एप्रिल २०२४ मध्ये तिसरी. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्यातून एक वाघीण सह्याद्रीतल्या चांदोलीत नेली, त्याआधी तिकडे चितळं नेऊन सोडली होती कारण सावज नसेल तर वाघ थांबत नाही. हे नीट होतंय असं मला वाटतं. पण प्रत्येक वेळी असं होत नाही. २०१८ मध्ये कान्हा आणि बांधवगडमधून एक नर आणि एक मादी ओडिशातल्या सातकोसियाला नेले. तिथल्या गावकऱ्यांना आधी विश्वासात घेतलं नव्हतं, मोठा विरोध झाला, नर काही महिन्यांत शिकारीच्या फासात मेला, वाघिणीवर माणसं मारल्याचा आरोप आला, तिला पिंजऱ्यात ठेवावं लागलं आणि २०२१ मध्ये परत मध्य प्रदेशात पाठवली. आणि ताडोब्याचीच झीनत. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिला ओडिशातल्या सिमलीपालला सोडलं, ती तिथून निघाली ती झारखंडात, तिथून पश्चिम बंगालात, पुरुलिया करत बांकुड्यात, शेवटी २९ डिसेंबरला बेशुद्ध करून पकडली. सगळ्या टीव्हीवर होती. म्हणजे ज्याला आपण जास्तीचा वाघ म्हणतो त्याला नवीन जागा पसंत पडेलच असं नाही.

आणि खरी गोम पुढे आहे. समजा तुमच्या गावाजवळची वाघीण उचलली. तिची हद्द रिकामी झाली. आडोसा, डुक्कर, पाणी आहे तसंच आहे. काही महिन्यांत शेजारची तरुण वाघीण किंवा भटका नर तिथे येतो. जुन्या वाघिणीला रस्ते, माणसं, गुराखी किती वाजता येतो सगळं माहीत होतं, ती बाजूला व्हायची. नवीन आलेल्याला यातलं काही माहीत नसतं. म्हणून ज्या वाघाने माणसावर वारंवार हल्ला केलाय तो पकडलाच पाहिजे, त्यात दुमत नको, पण "गावाजवळ दिसतो" एवढ्या कारणाने पकडत गेलात तर गावाला नवशिके वाघ मिळत राहतील.

तुमच्या मोठ्या आईबद्दल. चंद्रपूरमधले बहुतेक मृत्यू गावात घरात घुसून झालेले नाहीत, ते जंगलात किंवा जंगलाच्या काठावर झालेत, आणि बरेचसे मोह, तेंदू, सरपण, गवत आणि गुरं चारताना. यात दोन गोष्टी फार महत्त्वाच्या, वेळ आणि वाकणं. तेंदूची झुडपं गुडघ्याएवढी, तोडणारी बाई दोन-तीन तास वाकूनच असते, वाकलेला माणूस मागून बघितला तर उंचीला चार पायांच्या जनावराएवढाच दिसतो. मोहाचंही तेच, जमिनीवर बसून एकेक फूल वेचायचं. पत्ता लवकर फळीवर न्यायचा, ऊन व्हायच्या आत आटपायचं, म्हणून बायका पहाटे अंधारातच निघतात आणि वाघाचीही शिकारीची वेळ तीच. मोहफुलं रात्रीतून गळतात, दुसरं कोणी वेचायच्या आधी पोचायचं म्हणून पहाटेच. म्हणजे तिला जाऊ नको म्हणण्यापेक्षा सूर्य वर आल्यावर जा, चार-पाच जणी आवाजाच्या अंतरात राहा, एक जण उभी राहून नुसती बघत असू दे, हे सांगणं जास्त उपयोगी. ते ती ऐकेल पण. जंगलात शिरायच्या आधी वनरक्षकाला किंवा पीआरटीच्या पोरांना विचारायचं काल कोणत्या कंपार्टमेंटमध्ये (जंगलाच्या कोणत्या भागात) पंजे होते, त्या बाजूला त्या दिवशी जायचं नाही.

सुंदरबनात मागे डोक्याच्या मागच्या बाजूला मुखवटे बांधायचा प्रयोग झाला होता, काही काळ चालला, मग वाघांना कळलं म्हणतात. म्हणून एकाच युक्तीवर भिस्त नको.

धानवाला_सिंदेवाही

पाचच्या आधी जाऊ नका हे वनविभाग पण सांगते, दवंडी देते, पोस्टर लावते. पण ठेकेदाराची फळी दहा वाजता बंद झाली तं उशिरा गेलेली बाई पुडे कोणाले देईल? फळीची वेळ उशिरा केली तं अर्धं काम तिथंच होते. हे कोणी लिहीत नाही. आमच्याकडं एका वर्षी गावानं अडून बसून फळी दुपारपर्यंत चालू ठेवायला लावली, त्या वर्षी बाया सात-साडेसातला निघाल्या, वाघ दिसला, पण सगळ्या शाबूत आल्या.

आणि सरपण. ग्यास भेटला सगळ्यायले, जन-वन विकास योजनेतून भेटला, उज्ज्वलातून भेटला. सिलेंडर भरायले पैसे कोण देईल? पहिला संपला की शेगडी माळ्यावर न बाई पुन्हा जंगलात.

पुण्यातली_नागभीडकर

@ट्रॅपकॅमेरा खूप खूप धन्यवाद, एवढं कोणी नीट समजावलं नव्हतं. ते वाकण्याचं वाचून अंगावर काटाच आला कारण मोठी आई अशीच जाते, चारला उठून. आणि फळीच्या वेळेचं तर डोक्यातच आलं नव्हतं. पीआरटी म्हणजे काय? आमच्या गावात पोरं हिरवे शर्ट घालून फिरतात ते का?

ट्रॅपकॅमेरा

हो तेच. प्राथमिक प्रतिसाद दल, गावातलीच पोरं, वनविभागाने थोडं प्रशिक्षण, शिट्टी, टॉर्च, काठी दिलेली. वाघ शेतात दिसला की वनविभागाची मोठी टीम यायच्या आत त्यांनी पोचायचं. त्यांचं मुख्य काम वाघाला हाकलणं नाहीच, माणसांना हाकलणं. एका तुरीत वाघ बसलाय कळलं की दोनशे लोक मोबाइल घेऊन चारही बाजूंनी उभे राहतात, झाडावर चढतात, दगड मारतात, वाघाला निघायला वाटच ठेवत नाहीत आणि मग तो समोर येईल त्याच्यावरून जातो. जंगलाच्या बाजूची एक दिशा मोकळी ठेवली आणि अंधार पडू दिला तर बहुतेक वेळा तो आपला आपण जातो. मी एकदा अशा गर्दीत होतो, एक म्हातारे गृहस्थ कमरेवर हात ठेवून पोरांना ओरडत होते, "तुमच्या घराले चारही बाजूनं माणसं उभी राह्यली तं तुमी बाहेर निघाल का रे?", आणि पोरं खरंच मागे सरकली, पीआरटीच्या शिट्टीने जे झालं नव्हतं ते त्यांनी केलं.

ताडोबाच्या बफरमध्ये सीतारामपेठला कॅमेरा आणि एआयवर चालणारी यंत्रणा पण लावली होती २०२३ मध्ये, वाघ गावाच्या दिशेला आला की मोबाइलवर इशारा. चांगलं आहे, पण प्रत्येक गावाला ते परवडणार नाही, तिथे ही पोरंच. त्यांना मानधन वेळेवर मिळालं पाहिजे, एवढं तरी.

मोहर्ली_साइडची

मी बफरमधल्या गेटवर गाईड आहे, बायका गाईड आता बऱ्याच आहोत. ठाण्याच्या दादांना सांगते, आमचं बरं चाललंय हे खरं पण ते सगळ्यांना लागू नाही, एका गेटला किती गाईड लागतात, किती जिप्सी लागतात त्याला मर्यादा आहे. आणि पर्यटकांना वाघ नाही दिसला तर तोंडं अशी करतात जशी मीच लपवून ठेवलाय.

माझ्या नात्यातले काही जण जामणीचे. ते गाव कोअरमध्ये होतं, २०१४ मध्ये बाहेर आलं, त्याच्या आधी कोअरमधलंच नवेगाव आलं. तेव्हा कुटुंबामागे दहा लाखाचं पॅकेज होतं, आता पंधरा लाख झालंय. आता जिथे जामणीची घरं आणि शेतं होती तिथे मोठं गवताचं कुरण आहे, फोटोवाल्यांना फार आवडतं. पण ते कुरण आपोआप नाही झालं बरं का. गाव उठल्यावर शेतात आधी तरोटा माजतो, रानतुळस माजते, घाणेरी येते, जनावर त्यातलं काही खात नाही. ते बी धरायच्या आत मुळासकट उपटावं लागतं, पावसाळ्यात पुन्हा, पुढच्या वर्षी पुन्हा, तेव्हा कुठे मारवेल, पवन्या असं खायचं गवत धरतं. ते उपटायला आमच्याच बाया मजुरीवर जायच्या. गवत आलं, मग चितळं आली, सांबरं आली, रानगवे आले, मग वाघीण पिल्लं घेऊन तिथेच. लोक म्हणतात गाव हलवलं की जंगल परत येतं, पण मध्ये किती हात लागतात ते विचारत नाहीत.

म्हातारी माणसं मात्र अजून तिकडची आठवण काढतात. तरुण पोरं खूश आहेत, रस्ता आहे, दवाखाना आहे, रात्री बाहेर पडायला भीती नाही. दोन्ही खरं आहे. पैसा मिळाला पण काहींचा गाडी आणि लग्नात गेला, ज्यांनी जमीन घेतली त्यांचं बरं आहे.

तळ्याच्या काठी तारूचं ठाणं आहे, तोच ताडोबा देव. गावचा मुखिया होता, वाघाशी लढताना गेला, त्याचीच पूजा करतात आमच्याकडे आदिवासी लोक. वाघाला पण मानतात, त्याने मारलेल्या माणसाला पण मानतात. पर्यटकांना सांगितलं की ते म्हणतात हाऊ स्वीट.

गोंडपिपरीकर

तेंदूपत्त्याचं निघालं म्हणून सांगतो. आमच्या तालुक्यात पाचगाव आहे, त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला २०१२ मध्ये. त्यांनी स्वतः ग्रामसभेत ठरवून तेंदूपत्ता बंद केला. कारण पत्ता चांगला यावा म्हणून झुडपं तोडतात, आग लावतात, फांद्या छाटतात, त्यात तेंदूची फळं जातात, जंगल जातं. त्याऐवजी बांबू, ग्रामसभा स्वतः लिलाव करते, गावातच मजुरी मिळते, बाहेर जाणारे मजूर परत आले. जंगलाचा एक भाग त्यांनी देवाच्या नावाने राखून ठेवलाय, तिथे कोणी काहीच तोडत नाही. म्हणजे सफारीवेडा म्हणतात तसं तेंदू बंद होऊ शकतो, पण वरून हुकूम काढून नाही, गावाच्या हातात बांबू आणि हक्क दिल्यावर. नागभीडच्या ताईंच्या गावात बांबू आहे का, वनहक्काचा दावा टाकलाय का, ते बघा. वेळ लागतो, कागदपत्रं खूप, पण होतं.

मोहाच्या आगीबद्दल पण तेच. झाडाखालचा पाचोळा जाळतात म्हणजे फुलं दिसतात, ती आग सुटते आणि अर्धं जंगल जातं. झाडाखाली जाळी बांधली तर फुलं जाळीत पडतात, वाकून वेचायचं कामच राहत नाही, आठ वाजता जाऊन जाळी झटकायची. वाघाचं पण काम भागलं, आगीचं पण.

सफारीवेडा_ठाणे

पाचगावचं माहीत नव्हतं, वाचायला पाहिजे. पण एक शंका, गावांनी सगळं नीट केलं तरी वाघांची संख्या अशीच वाढत राहिली तर? शेवटी जागा तेवढीच आहे. मग काही ठिकाणी नसबंदी वगैरे करायची वेळ येईल का?

ट्रॅपकॅमेरा

जागा तेवढीच नाही, जोडलेली नाही असं म्हणा. यवतमाळकडच्या टिपेश्वरचा एक वाघ २०१९ मध्ये रेडिओ कॉलर लावलेला असताना चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत पोचला, तेराशे किमीच्या वर, शेतं, नाले, हायवे पार करत, आणि वाटेत बहुतेक लोकांना तो दिसलाही नाही. २०२४ च्या शेवटी टिपेश्वरचाच आणखी एक धाराशिवला येडशीपर्यंत गेला. त्यांना जायचंय. ताडोब्यातून घोडाझरी, तिथून उमरेड-कऱ्हांडला, पुढे नागझिरा अशी साखळी आहे, दक्षिणेला कन्हाळगाव आणि तेलंगणात कवालचा व्याघ्र प्रकल्प. पण त्या साखळीत गोसीखुर्द धरणाचा कालवा आहे, काँक्रीटचा, उभ्या काठांचा, पडलेलं जनावर वर येत नाही. चंद्रपूर-गोंदिया रेल्वे आहे, नोव्हेंबर २०१८ मध्ये जुनोन्याजवळ एकाच गाडीखाली तीन बछडी गेली. खाणी आहेत. हे अडथळे सोडवले तर वाघ आपण न उचलता स्वतः जाईल.

आणि ते होतं. पेंचमधून जाणाऱ्या नागपूर-जबलपूर हायवेवर, एनएच ४४, वर्षानुवर्षं कोर्टकचेरी होऊन शेवटी नऊ ठिकाणी रस्ता उचलून खालून प्राण्यांना वाट ठेवली, पन्नास मीटरपासून साडेसातशे मीटरपर्यंत रुंद. खाली कॅमेरे लावले तर वाघ आरामात जाताना दिसले, डुक्कर, चितळ, रानकुत्रे सगळे. वरून ट्रक चाललेत आणि खाली वाघीण पिल्लं घेऊन उभी आहे असे फोटो आहेत. कालवा आणि रेल्वेला असं केलं तर नसबंदीच्या गप्पा मारायची गरज नाही, आणि जंगली वाघिणींवर तसलं काही करायला माझा स्पष्ट विरोध आहे.

धानवाला_सिंदेवाही

आता झटका मशीन. ताई, भावाले सांगा, झटका मशीन वेगळं न करंट वेगळा. काही लोक वरच्या लाइनवर आकडा टाकून तारेत डायरेक्ट करंट सोडते, डुकरासाठी. त्यात वाघ मेले, बिबट मेले, शेजारचा माणूस पण मेला, आपलाच पोरगा रात्री पाणी वळवायले गेला न चिकटला असं पण झालं. तो गुन्हा हाये, जेलमध्ये जाते माणूस. झटका मशीन बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालते, वर सोलर प्लेट, ते थांबून थांबून झटका देते, जनावर दचकते न पळते, मरत नाही.

वाघासाठी सरळ उपयोग म्हणाल तं वाघ तार पाहून उडी मारू शकते. पण डुक्कर न चितळ शेतात आलं नाही तं त्याच्या मागं वाघ पण येत नाही, हा फायदा. जागलीले रात्रभर मचाणावर बसावं लागत नाही, तो सगळ्यात मोठा फायदा. धानात न तुरीत दोन्हीत लावा, खालची तार जमिनीपासून वीतभर, नाहीतर डुक्कर खालून घुसते.

गाय-बैल वाघानं मारला तं त्याले हात लावू नका, ओढून आणू नका, फोटो काढा न वनरक्षकाले लगेच फोन करा, पंचनामा झाला पायजे. मोठ्या जनावराचे सत्तर हजारापर्यंत भेटते आता, बाजारभावाच्या पंचाहत्तर टक्के. माणूस गेला तं २५ लाख, पण ते कोणाच्या वाट्याले न येवो. माह्या एका बैलाचे पैसे कोण्या टेबलावर अडकले होते, वर्षभर चकरा मारल्या, शेवटी आले. म्हणून अर्जाची पोच घ्याच.

पुण्यातली_नागभीडकर

भाऊ म्हणतोय मशीन लावलं होतं मागच्या वर्षी शेजाऱ्याने, पण पावसाळ्यात झटका लागतच नव्हता, म्हणून तो घ्यायला बिचकतोय. मोठ्या आईला जाळीचं सांगितलं, ती म्हणाली जाळी कोण देणार, मी म्हटलं ते मी देते, यावर काही बोलली नाही म्हणजे चालेल बहुतेक. फळीच्या वेळेबद्दल गावात चार बायका मिळून सरपंचांशी बोलणार आहेत.

धानवाला_सिंदेवाही

पावसाळ्यात झटका उतरते कारण तारेले गवत टेकते. गवताच्या पात्यातून सगळा करंट जमिनीत जाते. दर आठ दिवसानं तारेखालचं गवत कापाच, एका बाजूनं नाही, दोन्ही बाजूनं. उन्हाळ्यात उलटं होते, जमीन सुकते न अर्थिंग लागत नाही, मग अर्थिंगची सळई खोल ठोका न तिथं थोडं मीठ-कोळसा टाकून पाणी देत राहा. लाकडी खुंटाले तार डायरेक्ट गुंडाळू नका, प्लास्टिकचे इन्सुलेटर लावा, पैसे वाचवायले लोक जुन्या चपलेचं रबर लावते, ते पावसात काही कामाचं नाही. बॅटरी सावलीत पेटीत ठेवा. मशीनसाठी अनुदान भेटते, पण आधी अर्ज मंजूर होऊ द्या मग घ्या, आधी घेतलं तं भेटत नाही, न मशीन, प्लेट, बॅटरी तिन्हीचं पक्कं बिल घ्या, दुकानदार कच्च्या बिलावर शंभर-दोनशे कमी करतो म्हणन, ऐकू नका.